तरतूद आहे, ठराव आहे, मग रस्त्यावर फलक का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात महाद्वार रोडला फुटणाऱ्या गल्लीत तुमचं कापडाचं दुकान आहे. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरतं. नगरसेवक म्हणाले, "बजेटमध्ये पार्किंगला तरतूद आहे." महापालिकेत गेलात तर उत्तर मिळालं, "हे वाहतूक शाखेचं काम." वाहतूक शाखा म्हणाली, "महापालिकेनं पट्टे मारून द्यावेत, मग बघू." दोन वर्षं तुमच्या अर्जाचा पेठेतल्या फुटबॉलसारखा पास चाललाय आणि गोल काही होत नाही. हे काम नक्की कुणाचं, नियम करतं कोण आणि तरतूद केलेला पैसा जातो कुठं, असं तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी याच कागदांत गेली. आधी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत लेखा विभागाचा कारकून होतो, नंतर मोठ्या शहरांत लेखाधिकारी. त्या अनुभवावर सांगतो: तिघांपैकी कुणीही तुमच्याशी खोटं बोललेलं नाही. प्रत्येकजण आपापल्या कागदाबद्दल बोलतोय. ठराव हा एक कागद, अंदाजपत्रकातली तरतूद दुसरा आणि वाहतुकीची अधिसूचना तिसरा. तिन्हींवर रस्त्याचं तेच नाव, तीच बाजू आणि तेच माप आल्याशिवाय तुमच्या गल्लीत एक खांबसुद्धा उभा राहत नाही. राहिला तरी टिकत नाही.

आधी तिसरा कागद घेतो, कारण घोडं तिथंच अडतं आणि लोकांना नेमका तोच माहीत नसतो.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायचे १८ विषय आहेत. त्यातल्या सतराव्यात दिवाबत्ती, बसथांबे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या जोडीला वाहनतळही आहेत. म्हणजे वाहनतळ बांधणं, चालवणं, तिथं शुल्क घेणं हे महापालिकेचं. पण रस्त्याच्या कडेला गाडी कुठं लावायची आणि कुठं नाही, हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ ते ११७ खाली ठरतं. वाहतूक रोखणं, वळवणं, खुणा लावणं, थांबण्याच्या जागा ठरवणं हे सगळं या तीन कलमांत येतं. तिथं अधिकार राज्य शासनाचा किंवा शासनानं नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा, आणि जागा ठरवताना त्यानं स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळं असे आदेश जिल्ह्याच्या पातळीवरून, पोलीस अधीक्षकांच्या यंत्रणेतून निघतात आणि अंमलबजावणी शहर वाहतूक शाखा करते.

सल्लामसलत हा शब्द नीट वाचा. महापालिकेनं सुचवायचं, पोलिसांनी ठरवायचं. महासभेनं एकमतानं ठराव केला की "अमुक रस्त्यावर सम-विषम तारखेचं पार्किंग करावे", तरी ती शिफारस झाली. अधिसूचना निघून तिच्यावर हरकती-सूचना घेतल्या गेल्याशिवाय त्या फलकाला कायद्याचा आधार नाही.

नगरपरिषदेत असताना हे मी हसतहसत शिकलो. दिवाळीच्या तोंडावर सभेनं बाजारपेठेत सम-विषमचा ठराव केला. नगराध्यक्षांना घाई, म्हणून आठ दिवसांत लोखंडी फलक रंगवून उभे केले. बिल मीच काढलं. पहिल्याच आठवड्यात एका वकिलानं दंड भरायला नकार दिला आणि विचारलं, "अधिसूचना क्रमांक सांगा." क्रमांक नव्हताच, पोलिसांना पत्रच गेलं नव्हतं. फलक तसेच उभे राहिले. गणपतीत त्यांना मंडळाच्या मांडवाच्या दोऱ्या बांधलेल्या मी पाहिल्या. लेखापरीक्षणात निष्फळ खर्च म्हणून परिच्छेद आला आणि त्याचं उत्तर लिहायलाही मीच.

आणखी एक. रस्त्यावर चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून जो दंड होतो (मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केलं तर १,५००) तो शासनाच्या तिजोरीत जातो. महापालिकेला त्यातलं काही मिळत नाही. क्रेन फिरली की लोक म्हणतात महापालिका लुटते. बिचारीला दिडकी मिळत नसते. त्यामुळं अधिकाऱ्यांनाही या विषयाचं फारसं सोयरसुतक नसतं. पट्टे मारायचा खर्च आपला आणि दंड दुसऱ्याचा, असा तो व्यवहार.

आता ठराव. लोक ठराव, धोरण, उपविधी आणि नियम हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. कचेरीत त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ठराव म्हणजे सभागृहाची इच्छा. धोरण म्हणजे बरंचसं ठरावच, फक्त पानं जास्त आणि मुखपृष्ठ रंगीत. नागरिकावर बंधन घालायचं, दंड लावायचा, तर पाठीमागं कायद्याचं कलम किंवा रीतसर उपविधी, म्हणजे कायद्यानं दिलेल्या अधिकारात पालिकेनं स्वतः केलेला नियम, लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ४५८ महापालिकेला उपविधी करायला मुभा देतं. पण मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती घ्यायच्या, सभागृहात मंजूर करायचा आणि शेवटी राज्य शासनाची मान्यता आणायची. मंत्रालयातून मान्यता येईपर्यंत ज्यांनी मसुदा केला ते अधिकारी बदलून गेलेले असतात. शिवाय कलम ४५१ खाली शासन महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू शकतं. म्हणून नगरसेवक जेव्हा सांगतात "ठराव करून घेतो", तेव्हा आनंद माना, पण पेढे वाटू नका.

कागल, जयसिंगपूर, गडहिंग्लजच्या वाचकांसाठी एवढंच: तुमच्याकडे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू, आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी आणि कलम ३०८ खाली ठराव तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना. बाकी पार्किंगची गोष्ट तीच.

कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. त्या काळात स्थायी समिती तेच, महासभाही तेच. आयुक्त सकाळी प्रस्ताव पाठवायचे आणि दुपारी प्रशासक म्हणून मंजूर करायचे. काम भराभर होतं असं बाहेरून वाटतं. पण प्रस्तावावर उलटा प्रश्न विचारणारं कुणी नसतं आणि तुमच्यासारख्याला भेटायला माणूसही नसतो. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन ८१ जणांचं सभागृह परत आलं. आता एका प्रभागात चार-चार नगरसेवक, एकात तर पाच. पूर्वी एका वॉर्डाला एक होता, चुकला तर पकडायला सोपा. आता पार्किंगसारखा नाजूक विषय काढला की चौघंही एकमेकांकडे बघतात, कारण पट्टे मारले की दहा मतदार खूश आणि वीस नाराज.

मधला कागद माझ्या आवडीचा. तरतूद.

अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीपुढं ठेवतात. ही समिती १६ जणांची, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. समिती त्यात आपली भर घालते आणि ते महासभेकडे जातं. नवीन वर्षाचे कराचे दर महासभेनं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असं महानगरपालिका अधिनियमाचं कलम ९९ सांगतं. ही तारीख लक्षात ठेवा. त्या तारखेला घरफाळा आणि पाणीपट्टी वाढवायची नाही असं ठरलं की जमेची बाजू बांधली गेली. पुढं मार्चमध्ये खर्चाच्या बाजूला कुणी कितीही स्वप्नं लिहिली तरी पैसा तेवढाच. आणि दर वाढवायचा नाही हे जवळपास दरवर्षी ठरतं. निवडणुकीच्या वर्षी तर विचारूच नका.

मग कामं कशी बसवतात? जमेचा आकडा फुगवून. घरफाळ्याची जुनी थकबाकी यंदा सगळी वसूल होणार असं गृहीत धरायचं. नगररचनेच्या फीमधून, विकास शुल्कातून भरघोस येणार असं लिहायचं. एखाद्या मोक्याच्या जागेच्या भाड्याचे किंवा शासनाकडून येणाऱ्या अनुदानाचे कोटी मांडायचे. दोन्ही बाजू जुळल्या, अखेरची शिल्लक चार-दोन लाख दाखवली की अंदाजपत्रक झालं. डिसेंबरात सुधारित अंदाज करताना तेच आकडे गुपचूप खाली येतात. वर्तमानपत्रांत मूळ अंदाजपत्रकाची पहिल्या पानावर बातमी येते, सुधारित अंदाजाची येत नाही. तुम्ही मात्र सुधारितच वाचा. गेल्या वर्षी "वाहनतळ विकसित करणे" या शीर्षाखाली मूळ किती होते, सुधारित किती झाले आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन रकाने शेजारी-शेजारी छापलेले असतात. तिथं तिसऱ्या रकान्यात शून्य असेल तर नगरसेवक म्हणतात ती तरतूद खरी आहे आणि तुमचा अनुभवही खरा आहे.

लेखा विभागात प्रस्ताव आला की आम्ही शेरा लिहायचो, "तरतूद उपलब्ध. देयक निधीच्या उपलब्धतेनुसार." या दुसऱ्या वाक्यात सगळं रामायण आहे. तरतूद ही परवानगी, पैसा नव्हे. तिजोरीत जे येतं त्यावर पहिला हक्क पगाराचा आणि पेन्शनचा. मग पाणी उपशाचं वीजबिल. मग कचरा, औषधं, कर्जाचे हप्ते. के.एम.टी.चं, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचं, अंदाजपत्रक वेगळं असतं, पण बस तोट्यात आहे म्हटल्यावर पगाराला हात महापालिकेपुढंच पसरला जातो. महिला व बालकल्याणाला ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवायचेच असतात, ते योग्यही आहे. शासनाच्या योजनेतून रस्ते मंजूर झाले की आपला स्वहिस्सा भरावा लागतो, नाहीतर पुढचा हप्ता येत नाही. यानंतर जुन्या ठेकेदारांची देणी. पट्टे, फलक, वाहनतळाची फरशी या पंगतीत शेवटच्या पानावर बसतात, आणि बहुतेकदा तोवर भात संपलेला असतो.

यात महापालिकेचा स्वतःचा किती दोष? निम्माशिम्मा. एके काळी जकात होती आणि पैसा रोजच्या रोज नाक्यावर जमायचा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. त्या बदल्यात राज्य दरमहा भरपाई देतं. ती २०१६-१७ च्या उत्पन्नावर धरून वर्षाला ८ टक्के चक्रवाढीनं वाढते. वाढ ठरलेली, रक्कम खात्रीची, हे चांगलंच. पण त्या पायाभूत वर्षात ज्या शहराची वसुली कमी होती त्याला तो कमीपणा जन्माचा चिकटला. शिवाय बाजारपेठ फुलली काय किंवा ओस पडली काय, महापालिकेच्या जमेत त्यानं फरक पडत नाही. जकातीच्या काळात व्यापार वाढला तर पालिकेचा फायदा व्हायचा, म्हणून व्यापारी पेठेत गाडी कुठं थांबते याची पालिकेला काळजी असायची. तो धागा तुटला. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आले, पण आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांना त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेले. पार्किंगला त्या ६० टक्क्यांतून पट्टाही मारता येत नाही.

आणि कोल्हापूरची म्हणून एक गोष्ट आहे जी सांगली-साताऱ्याला सांगून समजत नाही. नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला, आणि हद्द अजून तीच: ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत त्यात साडेपाच लाख माणसं होती. शहराला चिकटलेल्या गावांतली हजारो माणसं रोज सकाळी दुचाकीवरून याच रस्त्यांवर येतात, त्यांचा घरफाळा ग्रामपंचायतीला. हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण झालं. गावांचीही बाजू आहे, कर वाढतील आणि शेतीवर आरक्षणं पडतील ही भीती खोटी नाही. पण हिशेब एवढाच आहे की गाड्या एवढ्या मोठ्या परिसराच्या आणि रस्ता या ६६ चौरस किलोमीटरांतला. त्यावर अंबाबाईला येणारे भाविक, आणि नवरात्रात तर विचारायलाच नको.

मग जागा आणायची कुठून? विकास आराखड्यात वाहनतळाची आरक्षणं असतात, लोक नकाशा दाखवून विचारतात, "हे बघा, इथं पार्किंग आहे." नकाशावर रंग भरला म्हणजे जमीन पालिकेची झाली असं नाही. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. ही मुदत पूर्वी अवघी सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये वर्षाची झाली, २०१५ मध्ये दोन वर्षांची. सहा महिन्यांच्या जमान्यात मी एका नगरपरिषदेत बाजारालगतच्या वाहनतळाचं आरक्षण उडताना डोळ्यांनी पाहिलंय. सूचना आवक विभागात आली, तिथून बांधकाम विभागात गेली, "लेखा विभागाचा अभिप्राय घ्यावा" म्हणून माझ्या टेबलावर आली. मी लिहिलं, "तरतूद नाही." ते खरं होतं. पण सोबत "मुदत अमुक तारखेला संपते, विशेष सभा बोलवावी" हे लिहायला हवं होतं, ते मला तेव्हा सुचलं नाही आणि कुणी शिकवलंही नव्हतं. आज तिथं तीन मजली व्यापारी संकुल आहे, आणि त्याच्या पुढं रस्त्यावर गाड्यांच्या दोन रांगा.

रोख मोबदल्याऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा घेता येते, कलम १२६ मध्ये तशी सोय आहे. मालकाला तो घ्यावासा वाटला पाहिजे एवढीच अट, आणि ऐन पेठेतला मालक सहसा रोख मागतो.

आता बहुमजली वाहनतळ. सरस्वती टॉकीजजवळचं अंबाबाई मंदिर आराखड्यातलं काम किती रेंगाळलं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे, मी सांगायला नको. मी त्याच्या विरोधात नाही, बाहेरगावच्या गाड्या पेठेच्या कडेला थांबवायला त्याची गरज आहेच. पण तुमच्या गिऱ्हाईकाला त्याचा उपयोग फार नाही. साडी घ्यायला आलेली बाई स्कूटर चौथ्या मजल्यावर लावून चालत येणार नाही. खर्चही बघा. चारचाकीच्या खणाचं नियमातलं माप अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण रॅम्प, वळायची जागा, जिना धरला की एका गाडीमागं २३ ते ३२ चौरस मीटर बांधावे लागतात. म्हणजे प्रत्येक गाडीसाठी एक छोटा फ्लॅट.

त्यापेक्षा बांधलेली आणि गिळलेली जागा आधी सोडवा, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय, प्रत्येकाला किती चारचाकी आणि किती दुचाकींची जागा सोडायची याचे तक्ते तिच्यात आहेत, आणि आधीच्या नियमांतही होतेच. मंजूर नकाशात तळघरात पार्किंग असतं. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की तिथं गोडाऊन होतं, किंवा शटर लागून दुकान. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नव्या इमारतींचे मंजूर नकाशे माहितीच्या अधिकारात नगररचना विभागाकडे मागा. नकाशात पार्किंग आणि जागेवर कापडाच्या गाठी, असं दिसलं तर तोच नकाशा जोडून तक्रार करा. त्यावर नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस काढणं हे पालिकेचं काम आहे, आणि याला पोलिसांची अधिसूचना लागत नाही, तरतूद लागत नाही, मंत्रालय लागत नाही. लागते ती फक्त हिंमत. त्या गाठी तुमच्याच असतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

रस्त्यावरच्या जागेचा हिशेबही एकदा मांडू. तुमच्या गल्लीची एक बाजू समजा १०० मीटर. दारं, बोळ, कोपरे, ट्रान्सफॉर्मर सोडून ७० मीटर उरतात. दुचाकीला एक मीटर लागतो, म्हणजे ७० दुचाक्या. चारचाक्या लावल्या तर पुढं-मागं अंतर धरून जेमतेम १२. एवढ्या अरुंद पेठेत चारचाकीला जागा देणं म्हणजे सहा गिऱ्हाइकं उठवून एकाला बसवणं. आणि त्या ७० दुचाक्या कुणाच्या? मी अशा संयुक्त पाहण्यांना गेलोय. सकाळी साडेदहाला, दुकानं उघडताना जा. पहिली गाडी मालकाची, दुसरी त्याच्या मुलाची, मग कामगारांच्या. त्या रात्री नऊपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक सरासरी ४० मिनिटं थांबतं असं धरलं तर मालकाच्या एका स्कूटरनं दिवसभरात पंधरा-सोळा गिऱ्हाइकांची जागा अडवली. तुम्हाला राग येईल, पण गिऱ्हाईक परत जातंय ते बऱ्याचदा आपल्याच गाडीमुळं.

म्हणून 'पे अँड पार्क'. लोकांना वाटतं पालिका कमाई करते. करून बघा हिशेब: ६० दुचाक्यांची जागा, दहा तास, निम्मी भरलेली, तासाला ५ रुपये. दिवसाला दीड हजार. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेचार लाख. दोन माणसांचा पगार, पावती यंत्र, ठेकेदाराचा नफा काढला की पालिकेच्या हाती चहापाण्यापुरते उरतात. शुल्काचा खरा उपयोग कमाई नव्हे, गाडी हलवणं. पण कचेरीत ते उत्पन्नाचं साधन म्हणून मांडतात, सरकारी बोली चढी ठेवतात, निविदेला कुणी येत नाही, मग जुन्याच ठेकेदाराला मुदतवाढ, मग पावतीवरचा दर एक आणि घेतला जाणारा दुसरा. पहिला अर्धा तास फुकट आणि पुढं दर चढता, असा ठेका मी एकदा सुचवला होता. "उत्पन्न बुडेल" या शेऱ्यानं तो परत आला.

आणि कराराच्या बाबतीत कोल्हापूरकरांना मी काय शिकवणार? रस्ते विकास प्रकल्पाचे सुमारे ५० किलोमीटर, २२० कोटी, त्यापोटी टोल. सभागृहाची मंजुरी होती, करार होता. लोकांनी तो वाचायला घेतला तो नाके उभे राहिल्यावर. एन. डी. पाटील, गोविंदराव पानसरे रस्त्यावर उतरले, सगळं शहर उतरलं आणि शेवटी राज्य सरकारला टोल रद्द करावा लागला. पार्किंगचा ठेका त्यामानानं किरकोळ, तरी विषयपत्रिकेवर आला की मसुदा मागून वाचा. विषयपत्रिका सभेआधी निघते, आणि खरी गंमत तिच्या सोबतच्या जोडपत्रात असते.

फेरीवाल्यांचं एक. तुम्ही अर्जात "फेरीवाले हटवा म्हणजे पार्किंग होईल" असं लिहिलंय. ते वाक्य काढा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समिती, तिच्यात ४० टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी, सर्वेक्षण, फेरीवाला क्षेत्र हे सगळं ठरवून दिलंय. महानगरपालिका अधिनियमाचं कलम २३१ रस्त्यावरचा अडथळा नोटिशीशिवाय उचलू देतं हे खरं, पण ओळखपत्रवाल्या पथविक्रेत्याला त्यात ओढलं की तुमचा अर्ज अतिक्रमण विभागाच्या फायलीत जाऊन पडतो आणि तिथून मूळ विषयाकडे परतत नाही. दुकानाबाहेर तुम्ही काढलेली फळी आणि पुतळे मात्र २३१ मध्ये बरोबर बसतात, हे ध्यानात असू द्या.

आता काय करायचं ते. तुमच्या आधीच्या अर्जात "पार्किंगची सोय करावी" एवढंच आहे, त्यावर कुणीही काहीही करू शकत नाही. नव्या अर्जात गल्लीचं नाव, कुठून कुठपर्यंत, कोणती बाजू, फक्त दुचाकी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, माल उतरवायची वेळ वेगळी कोणती, हे लिहा आणि हातानं काढलेला का असेना पण मापांचा नकाशा जोडा. अर्ज शहर वाहतूक शाखेच्या निरीक्षकांच्या नावे करा, प्रत शहर अभियंत्यांना आणि तुमच्या विभागीय कार्यालयाला. तुमची गल्ली बहुधा गांधी मैदान किंवा शिवाजी मार्केट कार्यालयाकडे येत असेल, तेवढं विचारून घ्या. मागणी एकच ठेवा: संयुक्त पाहणी आणि तिचा पंचनामा. त्या पंचनाम्यावर दोन्ही खात्यांच्या सह्या झाल्या की "हे त्यांचं काम" म्हणायची सोय राहत नाही. तोच पंचनामा अधिसूचनेच्या प्रस्तावाला लागतो आणि तोच अंदाजपत्रकाच्या मागणीला.

हे दिवाळीच्या आत करा. खाती आपापल्या मागण्या लेखा विभागाला त्याच सुमारास पाठवतात. फेब्रुवारीत स्थायीपुढं गेलात तर नगरसेवक तुमचं काम "उपसूचनेसह" घालतील आणि ते फुगवलेल्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसेल. पट्टे आणि चार फलक एवढ्यासाठी स्वतंत्र तरतूद मागूच नका. रस्ते देखभालीच्या चालू शीर्षातून करा म्हणा, ते विभागाच्या पातळीवर होतं.

अर्जावर गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांच्या सह्या घ्या, आणि प्रत्येकाच्या नावापुढं तो स्वतःची गाडी दिवसभर कुठं लावणार ते लिहून घ्या. बिंदू चौकात, घरी, कुठंही. पाहणीला आलेला हवालदार पहिला प्रश्न तोच विचारतो.